इचारे मास्तर

मंगरूळपीरला दर्ग्याच्या मागल्या अंगाला एका कापडवाल्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं, आणि त्या माडीच्या सज्ज्यात रोज सकाळी एक उंच, किडकिडीत गृहस्थ आरशाला प्रश्न विचारत दाढी करीत. "दूध विकता का घरी पिता?" असं ते स्वतःच्याच फेसाळ चेहऱ्याला विचारत. मग वस्तरा थांबवून उत्तरही देत, "विकतो. पण तुम्हाला कायले सांगू?" खाली दुकान उघडायला आलेला कापडवाला वर न बघताच म्हणे, "सवाल बराबर नाही लागला, मास्तर." मास्तर शब्द बदलून पुन्हा विचारत. कापडवाल्याला पटला तरच तो प्रश्न गावात जाई.

ते आमचे वरिष्ठ. नागपूरकडच्या एका खाजगी संशोधन संस्थेनं वऱ्हाडातल्या शेतकरी कुटुंबांच्या राहणीची पाहणी काढली होती. घरात माणसं किती, खातात काय, कोण कुठं कामाला जातो, आजारपण कसं निभावतं, अशी ती पाहणी. आमच्या भागात ती मास्तरांच्या हाताखाली चाले. इंटर पास होऊन घरी बसलेला मी तिथं तपासनीस म्हणून लागलो. तपासनीस हा शब्द भारी. काम म्हणजे गावोगाव हिंडून प्रश्न विचारायचे, उत्तरं छापील तक्त्यात भरायची आणि माडीवर परत येऊन त्यांची जुळणी करायची. माझ्यासारखे आणखी दोघे होते. मास्तर पूर्वी एका हायस्कुलात गणित शिकवत, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. खेड्यातले लोक 'इचारे मास्तर' म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. विचारत हिंडतो तो इचारे, इतकंच.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी धुतलेला कोट घालून गेलो. मास्तरांनी मला समोर बसवलं आणि कोरा तक्ता पुढं ओढला. मला वाटलं, काम समजावून देतील.

"तुमच्या घरी ज्वारी कोण दळतं?" त्यांनी विचारलं.

"आई."

"सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

"आईच. बहुतेक."

"वडील तंबाखू किती खातात?"

"साधारण..."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "साधारण म्हणजे तू विचारलं नाहीस." आवाजात राग नव्हता. "ज्या घरात लहानाचा मोठा झालास त्या घराची तुला खबर नाही, आणि आता अनोळखी माणसाच्या चुलीपर्यंत जाणार. आठवडाभर घरी जा. पगार चालू राहील. एवढं विचारून ये."

मी रिसोडला घरी परतलो. आईनं मला दारात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "नौकरी लागली म्हने ना तुले? मंग घरी काहून आला?"

मी म्हणालो, हीच नोकरी आहे. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मागच्या दारी वडिलांना म्हणाली, "पोट्ट्याले काढलं वाटते कामावरून. काई बोलू नका त्याले."

तो आठवडा मी विसरलो नाही. तेलाच्या भांड्याकडं नुसतं वाकलो तरी आई म्हणे, "माह्या तेलावर नजर कायले ठेवून राह्यला?" वडिलांनी तंबाखू सांगितली त्याच्या दुप्पट काकूनं सांगितली. शेवटी एक भरलेला तक्ता घेऊन मी मंगरूळला आलो आणि मास्तरांना म्हणालो, "भरलाय, पण यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नाही."

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी मला मूठभर फुटाणे दिले. "आता तू कामाचा झालास," ते म्हणाले.

फुटाणे त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असत. गावात ते कुणाच्याही घरचा चहा घेत नसत. चहा तेव्हा खेड्यांत नुकता शिरत होता आणि साहेब लोक आले की हौसेनं केला जाई. मास्तर हात जोडून नाही म्हणत. आम्हाला सांगत, "आपण चहा प्यालो की यांचा चहाचा खर्च वाढतो. मग आपण आपलाच खर्च लिहून घेऊन जातो." लोकांना राग येई. एका घरच्या म्हातारीनं तर त्यांना तोंडावर विचारलं, "आमच्या घरचं काहून चालत नाई तुमाले?" त्या दिवशी मास्तर तिच्या माठातलं पाणी दोनदा मागून प्याले आणि तिथंच बसून त्यांनी स्वतःचे फुटाणे तिला दिले. ती फुटाणे खाताखाता सगळ्या घराची माहिती सांगत राहिली.

मे महिन्यातही ते धोतरावर काळा कोट घालत. बैलांना भीत. छकड्यात बसले की गाडीवानाच्या पाठीला टेकून, तोंड मागं करून बसत, म्हणजे बैल दिसत नाहीत. आकड्यांवर त्यांचा जीव होता, पण आकड्याला ते पाहुणा म्हणत. आमच्यापैकी कुणी मोठ्या ऐटीत एखादा आकडा पुढं ठेवला, की विचारत, "या पाहुण्याला घरी कोणी आणलं?" म्हणजे कुणी सांगितलं, कुठं बसून सांगितलं, शेजारी कोण ऐकत होतं. सासू शेजारी असताना सुनेनं दिलेलं उत्तर ते धरत नसत.

त्यांचा एक नियम होता. लोकांना जे विचारायचं, ते आधी आपलं सांगायचं. ओसरीवर भिंतीला पाठ लावून ते जमिनीवर बसत आणि सुरू करीत, "माह्या घरी मी एकटा. बायको वारली. एक मुलगा आहे. दूध विकत घेतो. पोट साफ होत नाही, त्याचा मोठा त्रास आहे." पोटाचा विषय निघाला की गाव जागं होई. कुणी एरंडेल सांगे, कुणी बेलाचा गर. दाराआड बायका हसत. एका गावात त्यांच्या पोटावरून दोन म्हाताऱ्यांचं चांगलंच वाजलं. तोवर आमचे निम्मे तक्ते भरून झालेले असत. मला वाटे, हा माणूस मोठा कावेबाज आहे. 'एक मुलगा आहे' यावरून ते पोटाच्या तक्रारीवर किती घाईनं जातात, हे मी बरेच दिवस ऐकत होतो, पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ते ध्यानात आलं दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, किन्हीराजाजवळच्या एका लहान गावात.

तिथं आमच्या आधी अफवा पोचली होती. हे लोक घरोघरची पोरं मोजतात आणि मग सरकार ती लामावर, म्हणजे लढाईवर, नेतं. आम्ही शिरलो तशी दारं लागली. जवान माणसं वावरात निघून गेली. पारावर तीन-चार म्हातारे तेवढे बसले होते. मास्तर त्यांच्यात जाऊन बसले, पण कुणी बोलेना. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हणालो, "हे गाव सोडू." मास्तर म्हणाले, "बसून राहू. बसायला काय लागतं?"

दुपारून एक बाई सरळ पाराकडं चालत आली. तिशी उलटलेली, हात शेणानं भरलेले. गोवऱ्या थापता थापता तशीच उठून आली असावी. कपाळावर ठसठशीत कुंकू. गावात तिला यमुनाबाई म्हणत.

"माह्या घरचं लिवा," ती म्हणाली.

मी तक्ता काढतोय तोच पलीकडच्या गोठ्यातून एक माणूस लगबगीनं आला. तो तिचा दीर, सुदाम. "लिवा," तो म्हणाला, "पर खरं लिवा. माहा भाऊ मेला हाय."

"हायेत ते," यमुनाबाई म्हणाली.

हळूहळू गोष्ट उलगडली. तिचा नवरा किसन, पाऊस दगा देऊन गेला त्या सालात, चांद्याकडं कोळशाच्या खाणीत कामाला म्हणून गेला. सुरुवातीला एक-दोनदा निरोप आला. मग काहीच नाही. त्याच्या वाट्याचं वावर पडीक होतं. सुदामला ते आपल्याकडं घ्यायचं होतं आणि त्यासाठी भाऊ मेला हे कुठंतरी लिहिलं जायला हवं होतं. यमुनाबाईला तो जिवंत आहे हे लिहून हवं होतं. म्हणून ती आपणहून आली होती.

मास्तरांनी दोघांनाही सांगितलं की हा कागद पटवाऱ्याकडं जात नाही, तहसिलीत जात नाही, याच्यानं वावर कुणाचं होत नाही. कुणाचाही विश्वास बसला नाही. छापील कागदावर शाईनं लिहिलेलं ते सरकारी, हे गावाला पक्कं ठाऊक होतं.

"तुमी शिकलेले मानसं," सुदाम म्हणाला. तो काही वाईट माणूस दिसत नव्हता. थकलेला दिसत होता. "तुमीच सांगा. इतके वर्सं खबर नाई, बात नाई. त्याले जित्ता म्हनता येते काय?"

"कोनी मेलेलं पाह्यलं काय?" यमुनाबाईनं विचारलं. तिनं दिराकडं पाहिलं नाही. मास्तरांकडं पाहून ती म्हणाली, "तुमी म्हने आदी आपलं सांगता. सांगा मंग. घरी कोन कोन हाय?"

"एकटा आहे," मास्तर म्हणाले. "बायको वारली. एक मुलगा आहे."

"कोठी हाय?"

मी मास्तरांकडं पाहिलं. आता पोटाचं निघेल असं मला वाटलं.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

पारावरचे म्हातारे पुढं सरकले. मास्तर सांगू लागले, नेहमी दुधाचं सांगत त्याच सुरात. "तो माह्याच शाळेत होता. मॅट्रिकच्या आधीची परीक्षा. गणिताचा पेपर मीच तपासला. नापास झाला. निकालाच्या दिवशी घरी आला नाही. त्याची आई दोन वर्षं वाट पाहून गेली. मी शाळा सोडली."

"बापच मास्तर, आन् पोट्टा नापास?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो."

"मंग दोन मार्क वाढवून द्याचे होते."

"हो," मास्तर म्हणाले.

यमुनाबाईनं विचारलं, "तुमच्या घरचा कागद लिवला त त्याले काय लिवता?"

"हयात."

"खबर हाय काय काई?"

"नाही."

"मंग माहं बी तसंच लिवा."

मास्तर सुदामकडं वळले. "सुदामभाऊ, किसनचं कोणी काही डोळ्यानं पाहिलं असलं त सांग. तेच लिहितो." सुदाम खांद्यावरचा दुपट्टा झटकून बाजूला झाला. मास्तरांनी माझ्या हातातला टाक घेतला, स्वतःच्या हातानं 'हयात' लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. यमुनाबाई आली तशी गोवऱ्या थापायला निघून गेली.

त्यानंतर त्या गावात एकही दार बंद राहिलं नाही. परतताना छकड्यात मी विचारलं, "मास्तर, पुरावा काय म्हणून दाखवायचा?" ते मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघत होते. "बायकोचं म्हणणं," ते म्हणाले. पुढं नागपूरहून तशी विचारणा आली, तेव्हा त्यांनी हेच उत्तर पाठवलं.

त्या साली यमुनाबाईनं आपल्या भावाला आणून वावर पेरलं. कागदावर हयात लागल्यामुळं सुदामनं हरकत घेतली नाही. पुढच्या सालीही पेरलं. त्या बाजूनं जाणं झालं की मास्तर छकडा जरा हळू न्यायला सांगत आणि तिच्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी बघत. बैलांकडं पाठ करून बसायचं विसरत.

मग पोहरादेवीच्या वाटेवरच्या एका गावात पाहणी चालली असताना, एक मजूर आम्हाला कुठं कुठं काम केलं ते सांगत होता. चांद्याच्या खाणीचं नाव निघालं. मास्तरांनी सहज विचारलं, "तिथं किन्हीराजाकडचा किसन म्हणून कोणी भेटला काय?"

"भेटला म्हन्जे," तो म्हणाला, "एकाच खोलीत होतो आमी. तापानं गेला. म्याच अग्नी देल्ला."

मास्तरांनी त्याला तेच पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. कधी, कुठं, तो दिसायला कसा होता. उत्तर बदललं नाही. आम्ही पारावर बसून 'हयात' लिहिलं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली ती गोष्ट होती.

माडीवर आल्यावर मी म्हणालो, "हे सांगायचं आपलं काम नाही, मास्तर. त्या मजुराकडून निरोप जाईल कधीतरी."

"लिहिलं मी," मास्तर म्हणाले. "सांगायला दुसरं कोण जाणार?"

आम्ही गेलो तेव्हा यमुनाबाई अंगणात तुरी बडवत होती. मास्तर धुळीतच तिच्यासमोर बसले. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातली काठी थांबवली.

"बातमी आनली ना?"

"हो," मास्तर म्हणाले आणि ऐकलं तेवढं सगळं सांगितलं. काही कमी केलं नाही, काही गोड केलं नाही. शेवटी म्हणाले, "कपाळावर बैलाच्या शिंगाची खूण होती म्हणे."

"डाव्या अंगाले," ती म्हणाली.

तिनं काठी कुडाला टेकवून ठेवली. बोलण्याचा आवाज ऐकून सुदाम कुडापाशी आला होता. जी गोष्ट लिहून घ्यायला तो पारावर भांडला होता, तीच ऐकून तो मटकन खाली बसला आणि दुपट्टा तोंडावर धरून लहान पोरासारखा रडू लागला. यमुनाबाई आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि दिरापुढं ठेवलं. ती रडली नाही. कपाळाकडं हात नेला नाही. परत येऊन मास्तरांसमोर बसली.

"मी चुकीचं लिहिलं होतं," मास्तर म्हणाले.

"तुमी कोठी लिवलं. म्या लिवाले लावलं. दोन पेरन्या झाल्या माह्या त्याच्यानं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमच्या पोराचं काई समजलं काय?"

"नाही."

"शोदाले गेलते काय?"

मास्तर कोटाच्या खिशातले फुटाणे चाचपू लागले.

"मले त जाता नाई आलं," ती म्हणाली. "रस्ता कोनता आन् गाडी कोनती, मले काय ठाऊक. तुमी त गावोगाव हिंडता. लोकायले त्यायचे लेकरं इचारता. आपल्या पोराचं कोनाले इचारलं काय कदी?"

"नाही."

"काहून?"

कापडवाल्याच्या माडीवर रोज आरशापुढं प्रश्नांची उत्तरं घोकणाऱ्या मास्तरांनी जमिनीवरची एक शेंग उचलली, सोलली, दाणे तळहातावर घेतले.

"भेव वाटते," ते म्हणाले.

यमुनाबाईनं मान हलवली. "वाटते," ती म्हणाली. "आजपावेतो मले बी वाटत होतं. तुमी आंगनात आले आन् सरलं."

मग तिनं काठी घेतली आणि उरलेल्या तुरी बडवायला लागली. आम्ही उठलो. सुदाम आम्हाला गावाबाहेरपर्यंत पोचवायला आला. वावराचं काय, असं मी त्याला विचारलं. "राहू द्या तिच्याकडं," तो म्हणाला. ते तिच्याकडंच राहिलं. माझ्या माहितीत तरी तिनंच ते शेवटपर्यंत केलं.

मास्तरांनी कधी रजा घेतली नव्हती. त्या फाल्गुनात घेतली. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पूर्वी केव्हातरी सांगितलं होतं की मुलगा उत्तरेकडच्या एका गिरणीच्या शहरात दिसला होता. एवढीच खूण. माडीच्या किल्ल्या माझ्याकडं देऊन ते अकोल्याच्या मोटारीत बसले. कापडवाला सोडायला आला होता. त्यानं विचारलं, "काय बोलणार, मास्तर, ते ठरवलं काय?" मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

सगळा उन्हाळा गेला. पाहणी मी चालवली. कापडवाला सकाळी दुकान उघडताना सवयीनं वर सज्ज्याकडं बघे. पोळ्याच्या आसपास मास्तर परत आले. आणखी वाळले होते. मी त्यांना सज्ज्यात बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "सापडला?"

"सापडला," ते म्हणाले. एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं असं विचारत विचारत ते एका गल्लीत पोचले होते. भर दुपार होती. कडी वाजवली. दार मुलानंच उघडलं. पुढून टक्कल पडायला लागलेलं, अगदी माझ्यासारखं, असं मास्तर म्हणाले. त्याच्या मागं एक लहान मुलगी त्याचा सदरा धरून उभी होती.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

खालून एक मोटार गेली, तिची धूळ बसली.

"म्हणाला, 'चपला आत घ्या. इथं बाहेर ठेवल्या की चोरीला जातात.'"

"मग?"

"मग मी त्या आत घेतल्या," मास्तर म्हणाले.